अकरा दाणे

“वझे, तुमच्या पाकिटात कधी काही असतं का हो?”

राजोपाध्ये असं म्हणाले आणि सगळी बैठक हसली. संचालकांनी विनोद केला की हसायचं असतं, हे आमच्या संस्थेत नेमणुकीच्या पत्राबरोबरच कळतं. मागच्या रांगेतल्या दोघांना तर विनोद ऐकूही गेला नव्हता, तरी ते पोट धरून हसले. मीही हसलो. तेरा वर्षं झाली, पण ते स्वतःचं हसू आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

“तुम्ही आमचे मीठवाले,” राजोपाध्ये पुढे म्हणाले, “आणि आमचं जेवण मात्र कायम अळणी!”

पुन्हा हशा. चहा आला म्हणून थांबला.

बैठक भंडारा जिल्ह्यातल्या चांदाळ्याच्या खाणीवर चालली होती. मँगनीजची ही खाण बंद पडल्यावर आमच्या संस्थेनं ती घेतली आणि साडेचारशे मीटर खोल, तीन मजली घराएवढी पाण्याची टाकी बांधली. टाकीला आतून काचेचे नऊशे डोळे. पाण्यातून एखादा वेगवान कण गेला की निळसर उजेड चमकतो, तो हे डोळे टिपतात. टाकी मी उभी केली. मी आणि राजोपाध्ये एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो. मी टाकी भरत होतो तेव्हा ते ओळखी वाढवत होते. टाकी भरायला चार वर्षं लागली. तेवढ्यात ते संचालक झाले.

खाणीत उतरायच्या पाळण्याला तिथं पिंजरा म्हणतात. तो खाली-वर करणाऱ्या बन्सोडनं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “साहेब, सूर्य पाहाले जमिनीत कायले जाता जी? तो तं वरतं हाय.”

मी त्याला सांगितलं ते असं. विश्वात जेवढा म्हणून पदार्थ आहे, त्यातले सहातले पाच हिस्से कुणाला दिसतच नाहीत. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते उजेड देत नाही, अडवत नाही, आपल्या अंगातून आरपार जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पण त्यातले काही कण सूर्यातून जाताना ठेचकाळतात, वेग गमावतात आणि सूर्याच्या पोटात अडकून पडतात. कोट्यवधी वर्षं असे साठत गेले की तिथं ते एकमेकांवर आदळून नाहीसे होत असणार, आणि त्यातून न्यूट्रिनो निघत असणार. सूर्याच्या जळण्यातूनही न्यूट्रिनो निघतात, पण ते मवाळ. हे हजारोपट जोरकस असतील. आणि सूर्याच्या पोटातून बाहेर पडण्याची ताकद न्यूट्रिनोखेरीज कुणाच्यात नाही. वरून आमच्या टाकीवर दुसऱ्याच कणांचा सतत मारा असतो, म्हणून वरून आलेलं आम्ही मोजतच नाही. सूर्य मावळून पृथ्वीच्या पलीकडे गेला की त्याचे न्यूट्रिनो सगळी पृथ्वी भेदून खालून वर येतात. खालून वर जाणारी चमक दिसली, आणि ती सूर्याच्या रेषेत असली, तर ती आपली.

“म्हंजे पायाखालचा सूर्य,” बन्सोड म्हणाला.

बन्सोडला दहा मिनिटांत कळलं. राजोपाध्यांना बारा वर्षांत कळलं नव्हतं, पण त्यांना त्याची गरज नव्हती.

आता मिठाचं. शास्त्रज्ञ हा मोठा आशाळभूत प्राणी आहे. जे हवं असतं ते त्याला दिसतं. म्हणून आमच्यात पद्धत आहे, की खऱ्या नोंदींमध्ये गुपचूप काही खोट्या नोंदी मिसळायच्या. याला मीठ टाकणं म्हणतात. किती टाकायच्या आणि कोणत्या वेळेच्या टाकायच्या, हे माणसानं ठरवायचं नाही. ‘मीठदाणी’ नावाचा प्रोग्रॅम चिठ्ठी काढतो, शून्यापासून वीसपर्यंत काहीही. ते पाहायचं फक्त एका माणसानं, म्हणजे मी. यादी पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवायची. बाकीच्यांनी डोळे झाकून हिशेब करायचा, निष्कर्षावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मग, बाहेर कुणाला एक शब्दही कळण्याआधी, पाकीट फोडायचं. पहिल्या दोन लहान चाचण्यांत चिठ्ठी शून्याची निघाली. पाकिटं फोडली तर कोरी. राजोपाध्यांचा विनोद त्यावरचा होता.

त्या बैठकीनंतर महिन्याभरानं, जुलैत, पूर्ण तीन वर्षांच्या नोंदी हिशेबाला काढायची वेळ आली. मी मीठदाणी चालवली, पाकीट बंद केलं, लाख लावली आणि नोंदी उर्मिला गावितच्या हवाली केल्या.

उर्मिला आमची संशोधक विद्यार्थिनी. नवापूर तालुक्यातली, घरची दोन एकर भातशेती, घराण्यात पहिलीच कॉलेजात गेलेली. तिच्या शिष्यवृत्तीचं पाचवं वर्ष चालू होतं आणि ते एकतीस मार्चला संपत होतं. त्याआधी प्रबंध सादर झाला तर डॉक्टर, नाही तर पाच वर्षं पाण्यात. अक्षरशः पाण्यात, आमच्या टाकीच्या. प्रबंधात सगळं याच हिशेबावर होतं. ती बोलायची कमी आणि चुकायची त्याहून कमी. राजोपाध्ये तिला पाहुण्यांना दाखवायचे, “ही आमची गावित, अगदी दुर्गम भागातून आलीय,” जणू त्यांनीच तिला खांद्यावरून आणलं होतं.

जानेवारीत तिचा हिशेब पूर्ण झाला. सूर्याच्या रेषेत, इकडून तिकडून आलेले म्हणून चार कण अपेक्षित होते. सापडले पंधरा.

पंधरा ऐकल्यावर राजोपाध्ये खुर्चीतून उठले आणि उभ्या उभ्या फोन करायला लागले. पाकीट फोडायचं राहिलं होतं याची त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले, “अहो, त्यात काय असणार! आणि वझे, ते आपण व्यासपीठावरच फोडू. थोडं नाट्य हवं ना. अठ्ठावीस फेब्रुवारी, विज्ञान दिन. मंत्रिमहोदय येतायत. तुम्ही सर्वांसमोर पाकीट फोडा, कोरा कागद दाखवा आणि मी घोषणा करतो.”

नियम सांगत होता की बाहेरच्यांना कळण्याआधी फोडा. मी तो त्यांना सांगायला हवा होता. नियम मला तोंडपाठ होता. तो इंग्रजीतून मराठीत मीच आणला होता.

“जशी आपली इच्छा,” मी म्हणालो.

त्यानंतरचा महिना म्हणजे लग्नघर होतं. मांडववाला आला, केटरर आला, ध्वनिक्षेपकवाला आला. ‘सूर्याच्या पोटातलं गुपित, चांदाळ्याच्या मातीत’ असा फलक छापून आला. आमच्या कार्यालयातल्या बायकांना सूर्याची रांगोळी काढायला सांगितलं आणि राजोपाध्यांनी स्वतः येऊन सूर्याला मिशा नकोत म्हणून सुचवलं. भाषण ते रोज आरशासमोर म्हणत, हे त्यांच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं. मी सगळं बघत होतो आणि मनातल्या मनात मांडी घालून बसलो होतो. इतका सुखाचा महिना मी नोकरीत कधी काढला नव्हता.

पंचवीस तारखेला, दुपारी, मी खाली टाकीपाशी होतो. उर्मिला कागदांची चवड घेऊन आली.

“सर, पाच मिनिटं?”

“बस.”

ती बसली नाही. तिनं लांबट पट्टी टेबलावर पसरली. छत्तीस महिन्यांची पट्टी, त्यावर लाल ठिपके.

“पंधरातले चार सूर्याच्या कडेला पसरलेत. ते नेहमीचे, भरकटलेले. अकरा मात्र अगदी मध्यावर आहेत. हे ते अकरा.” तिनं बोट फिरवलं. “यातले कुठलेही दोन, एकमेकांपासून दोन महिन्यांच्या आत आलेले नाहीत. एकदासुद्धा नाही.”

“बरं मग?”

“सर, आमच्याकडे भात दोन रीतीनं लावतात. मुठीनं फेकला तर दाणे कुठंही पडतात. इथं चार एकावर एक, तिथं हातभर मोकळं. रोपं आवणली तर बोटांचं अंतर सारखं राहतं.” तिनं पट्टी माझ्याकडे सरकवली. “हे फेकलेलं नाही. आवणलेलं आहे.”

मी ठिपके बघत राहिलो.

“मी लाख वेळा करून पाहिलं,” ती म्हणाली. “कम्प्युटरला सांगितलं, अकरा दाणे छत्तीस महिन्यांवर फेक. लाखातून फक्त तेरा वेळा इतके सुटे सुटे पडले. सूर्य काही कॅलेंडर बघून न्यूट्रिनो पाठवत नाही.”

“मीठ असेल, असं म्हणायचंय तुला?”

“मीठ असतं तरी मीठदाणीनं फेकलेलं असतं, सर. तेही इकडंतिकडंच पडलं असतं. हे तसंही नाही. म्हणून तर मला कळत नाहीये.” तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “पाकीट तुमच्याकडे आहे. आत काय आहे ते मी विचारत नाही. फक्त अठ्ठावीसच्या आत, आपल्या-आपल्यात फोडा. नियमातही तसंच आहे ना?”

आमच्या पुढ्यात टाकी होती. तिच्यात कुठं काही चमकलं असेल तर ते काचेच्या डोळ्यांनाच दिसलं असणार.

“पाकिटाबद्दल मी एक अक्षर बोलू शकत नाही,” मी म्हणालो. “नियम आहे.”

“मग मी राजोपाध्येसरांकडे जाते.”

“जा.”

तिनं रीतसर टिपण लिहिलं, एक पान. अकरा नोंदींच्या वेळा संशयास्पद आहेत, पाकीट फोडेपर्यंत घोषणा करू नये. मला वाचायला दिलं. त्यात एक शब्द बदलण्यासारखा नव्हता. मग आम्ही दोघं पिंजऱ्यातून वर आलो आणि राजोपाध्यांच्या खोलीत गेलो, कारण ती म्हणाली, “सर, तुम्ही नुसते बरोबर चला.”

मी नुसता बरोबर गेलो.

राजोपाध्ये फेटा बांधून घेत होते. खरंच. विज्ञान दिनाला फेटा घालायचं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि मापासाठी नागपूरहून माणूस आला होता. त्यांनी मान न हलवता टिपण वाचलं.

“उर्मिला, तुझी शिष्यवृत्ती कधी संपतेय?”

“एकतीस मार्चला.”

“म्हणजे आजपासून चौतीस दिवस. आणि तुझ्याच प्रबंधाच्या मुळावर तूच उठलीयेस? अगं, सूर्य उगवलाय तुझ्यासाठी, आणि तू डोळे मिटून म्हणतेस अंधार आहे.” तेवढ्यात फेटेवाल्यानं एक पीळ आवळला, ते कळवळले. “वझे, तुमचं काय म्हणणं?”

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. तिघं, फेटेवाला धरून.

“मला काही म्हणता येत नाही,” मी म्हणालो. “मीठवाला आहे मी.”

“बघ,” राजोपाध्ये म्हणाले. “याला म्हणतात शिस्त.” टिपणाची चौघडी करून त्यांनी ते कोटाच्या खिशात घातलं. “निष्कर्षावर सही कर आणि जा. हा कागद मी पाहिलेला नाही, तू दिलेला नाहीस.”

उर्मिलानं सही केली. काय करणार होती? ती बाहेर पडली तेव्हा मला वाटलं ती रडत असेल. पण ती चष्मा पुसत होती, आणि पुसून झाल्यावर तिनं तो सरळ लावला.

अठ्ठावीसला अकरा वाजता मंडप भरला. पहिल्या रांगेत मंत्रिमहोदय, दुसरीत वार्ताहर, तिसरीत आमची माणसं, आणि मागं चार शाळांची मुलं, ज्यांना टाळ्यांसाठी आणि बुंदीच्या लाडवांसाठी आणलं होतं. राजोपाध्ये फेट्यात आले. पस्तीस मिनिटं बोलले. त्यात ऋषीमुनी होते, अणुरेणू होते आणि स्वतः ते बरेच होते. शेवटी हात पसरून म्हणाले, “आणि आता एक छोटीशी औपचारिकता. आमचे वझे एक पाकीट उघडतील. आत कोरा कागद असेल. वझे, या!”

मी गेलो. ध्वनिक्षेपक हातात घेतला. लाख फोडली. कागदाची घडी उघडली. हा क्षण मी जुलैपासून रोज जेवताना चघळत होतो.

“मिठाच्या नोंदी,” मी वाचलं. “एकूण अकरा.”

मग मी एकेक तारीख आणि वेळ वाचली. सावकाश वाचली. पाचव्या तारखेला राजोपाध्यांचा चेहरा फेट्याहून फिका पडला. आठव्याला मंत्रिमहोदयांनी आपल्या सचिवाकडे पाहिलं. अकरावी वाचून झाल्यावर मागच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तसं सांगून ठेवलं होतं.

एक वार्ताहर उठला. “म्हणजे पंधरातून अकरा गेले, उरले चार. आणि चार तर असेही येणारच होते. मग शोध लागला म्हणायचं का नाही?”

राजोपाध्यांना सावरायला अर्धं मिनिट लागलं. मोठी माणसं मोठी का होतात ते त्या अर्ध्या मिनिटात मला समजलं.

“विज्ञान असंच पुढं जातं,” ते म्हणाले. “हा हिशेब आमच्या एका विद्यार्थिनीचा होता. मुलं फार लांबून, फार कष्टानं येतात. आपण संधी देतो. पण पदवीची घाई असते हो. तिला जराही शंका आली असती, तर तिनं ती मांडायला हवी होती. तिनं मांडली नाही. आम्ही विश्वास ठेवला, ही आमची चूक.”

सगळ्यांनी मान वळवून तिसऱ्या रांगेत पाहिलं. उर्मिला ताठ बसली होती. ती राजोपाध्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

ध्वनिक्षेपक माझ्याच हातात होता, आणि चालू होता. “तिनं टिपण दिलं होतं, ते यांच्या खिशात आहे.” एवढंच म्हणायचं होतं. आठ-नऊ शब्द. त्याच कोटाच्या त्याच खिशात अजून असणार, माणूस काही रोज कोट बदलत नाही.

मी ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं आणि तो टेबलावर ठेवला.

मंत्रिमहोदयांना दुसऱ्या एका उद्घाटनाला जायचं असल्याचं आठवलं. वीस मिनिटांत मंडप मोकळा झाला. लाडू उरले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी खालून वर यायला निघालो. उर्मिला पिंजऱ्यापाशी उभी होती, खांद्याला पिशवी. खालच्या कपाटातल्या तिच्या वह्या, थर्मास, स्वेटर, सगळं त्यात कोंबलेलं. आम्ही आत शिरलो. बन्सोडनं वरून घंटी दिली आणि पिंजरा हलला. वर यायला चार मिनिटं लागतात.

एक मिनिट गेलं.

“पाकीट फुटल्यावर मीठदाणीची नोंद सगळ्यांना खुली होते ना, सर?” ती म्हणाली.

“हो.”

“मी आत्ता पाहिली.” तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. “जुलैची चिठ्ठी. शून्य निघाली होती.”

कातळ खाली सरकत होता. पिंजऱ्यातल्या दिव्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, त्याबद्दल मी कुणाचे तरी आभार मानले.

होय. शून्यच निघाली होती. लागोपाठ तिसऱ्यांदा. जुलैच्या त्या दुपारी मी पडद्यावरचं ते शून्य बघत बसलो आणि कानात ती बैठक हसत होती. तुमच्या पाकिटात कधी काही असतं का हो? मग मी स्वतःच अकरा खोट्या नोंदी मिसळल्या आणि त्यांच्या तारखा-वेळा हातानं लिहिल्या. इथं एक, थोडं सोडून तिथं एक, दोन जवळ यायला नकोत, नाही तर खोटं वाटेल. आयुष्य आकड्यांत गेलेला मी, मला एवढं कळू नये की खरी गोष्ट नेहमी वेडीवाकडी पडते, आणि सारखं अंतर फक्त खोटं बोलणारा राखतो! नियमाचा माणूस म्हणून तीस वर्षं मिरवलो आणि नियम मोडला तोही असा ढ विद्यार्थ्यासारखा. राजोपाध्यांना तोंडघशी पाडायचं होतं. मंडपात, माणसांसमोर, फेट्यासकट. आधी, बंद खोलीत फोडलं असतं तर मजा गेली असती. मजेसाठी मी थांबलो. ती पट्टी घेऊन आली तेव्हाही, राजोपाध्यांनी तिच्यावर खापर फोडलं तेव्हाही. आणि त्या वेळी तर मजेपेक्षा भीती मोठी होती. टिपणाचं बोललो असतो तर कुणीतरी ते वाचलं असतं, आणि वाचणाऱ्यानं विचारलं असतं, आवणलं कुणी?

“कुणाला दाखवलास?” मी विचारलं. आवाज माझाच होता.

“नाही.” तिनं कागद माझ्यापुढे धरला. “मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी स्वतःला वाचवायला म्हाताऱ्यावर ढकलतेय. तुम्ही सांगितलंत तर लगेच पटेल. सर, माझं टिपण, माझा हिशेब, काहीच चुकलेलं नाही. शून्याचासुद्धा प्रबंध होतो. सूर्याच्या पोटात इतकं इतकं नाही, हेही कळायला लागतंच ना कुणाला तरी. फक्त मला डोळस म्हणायला पाहिजे कुणीतरी. चौकशी समिती नेमलीय, तीन आठवड्यांनी बसेल. तेवढे दिवस आहेत.”

“तू रागावली नाहीस?”

“रागावलेय,” ती म्हणाली. “पण तुम्ही बोलाल.”

मी कागद घेतला. पिंजरा वर पोचला. बन्सोडनं दार ओढलं आणि तिची पिशवी बघून म्हणाला, “बाई, आतापासूनच निंगाल्या जी? अन् डॉक्टर कधी होता?”

“होईन की, भाऊ,” ती म्हणाली.

समिती तीन आठवड्यांनी बसली. तीन थोर माणसं, तिघांचेही राजोपाध्यांकडे जेवणाचे संबंध. त्यांच्या अहवालात राजोपाध्यांबद्दल ‘उत्साहाच्या भरात’ एवढे दोन शब्द आले. आता ते आमच्या टाकीच्या दसपट मोठ्या टाकीचे सल्लागार आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल, श्रीफळ आणि ‘नियमनिष्ठ’ असं कोरलेली पितळी टाकी मिळाली. उर्मिलाचा प्रबंध ‘विश्लेषणातील निष्काळजीपणा’ या कारणानं स्वीकारला गेला नाही आणि एकतीस मार्च कुणासाठी थांबला नाही. ती नवापूरकडे एका आश्रमशाळेत गणित शिकवते असं ऐकलं. मी कधी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? कागद माझ्याकडे आहे. तो फोडलेल्या पाकिटातच ठेवलाय.

पण मला सांगायचंय ते त्या समितीच्या सकाळचं.

आधी तिला बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. वरच्या खिशात कागद होता. तीन आठवडे रोज सकाळी मी तो खिशात घालत होतो आणि रोज संध्याकाळी काढून ठेवत होतो. त्या दिवशी मात्र ठरलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

दहा मिनिटांत ती बाहेर आली. घाम पुसत, पण हसून.

“काय विचारलं?” मी उठून म्हणालो.

“टिपण दिल्याचा पुरावा काय, म्हणाले. राजोपाध्येसर नाही म्हणतायत. मी म्हटलं, वझेसरांना विचारा. ते सांगतील ते खरं. मग मला दुसरं काही विचारलंच नाही.” ती बाकावर बसली. “जा, सर. मी थांबते इथंच.”

मी आत गेलो. अध्यक्षांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्याबद्दल त्यांना किती आदर आहे, हे सांगितलं. असा आदर मला कुणी कधी दाखवला नव्हता, आणि तो पाण्यासारखा गोड लागला.

“फार वेळ घेत नाही, वझेसाहेब. दोनच प्रश्न. गावितांनी काही टिपण दिल्याचं आपल्याला ठाऊक आहे?”

“मीठवाल्यानं हिशेबाच्या चर्चेत पडायचं नसतं,” मी म्हणालो.

“अगदी बरोबर.” त्यांनी लिहून घेतलं. “आणि मिठाची यादी मीठदाणीनंच काढली होती ना?”

कागद खिशात होता. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथं लावलेलं पेन त्यानं नीट केलं.

“नियम तसाच आहे,” मी म्हणालो.

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि वही मिटली.

बाहेर आलो. ती पटकन उठून उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांत धरून.

“सांगितलंत, सर?”

“झालं सगळं,” मी म्हणालो.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.